होडीला रंग की जेलकोट?

(मंडळाच्या निधी-संकलन कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



अध्यक्ष, कार्यकारिणी, सर्व देणगीदार, आणि अजून वडापावच्या रांगेत उभे असलेले सभासद! स्वागत वगैरे रीतसर झालेलं आहे. माझ्याकडे काम आलंय ते एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं.

यंदाच्या निधीतून कोकणातल्या एका छोट्या बंदरावरच्या मच्छिमारांच्या जुन्या फायबरच्या होड्या दुरुस्त करून द्यायच्या असं आपण ठरवलं. खर्चाचा कागद सगळ्यांना मिळाला आहे. त्यात रेझिन, मॅट, जेलकोट, मास्क, मजुरी अशा नोंदी आहेत आणि ‘रंग’ ही नोंद जवळजवळ नाहीच. त्यावर आपल्या एका ज्येष्ठ देणगीदार काकांनी विचारलं, "अरे, होड्या रंगवायच्याच आहेत ना? मग इथला उत्तम जर्मन रंग घेऊन पाठवू या. एकदा लावला की दहा वर्षं बघायला नको. हे जेलकोट काय प्रकरण आहे?"

प्रश्न रास्त आहे, कारण पैसे तुमचे आहेत. मी सॉफ्टवेअरवाला. बोटीच्या बाबतीत माझी पात्रता एवढीच, की हानोफरजवळच्या श्टाइनहुडर मेअरवर आम्ही चार कुटुंबं मिळून एक जुनी शिडाची बोट सांभाळतो. तिच्यासाठी हाच प्रश्न आम्ही एक अख्खा हिवाळा चघळला आणि शेवटी उत्तर काढलं ‘रंग’. कोकणातल्या होड्यांसाठी मात्र मी आग्रहाने म्हणतोय ‘जेलकोट’. ही काही लबाडी नाही. दोन्ही उत्तरं बरोबर कशी, तेच आज सांगायचं आहे.

त्यासाठी आधी फायबरची बोट कशी बनते ते बघू. लाकडी होडी सुतार बांधतो आणि मग तिला बाहेरून तेल, रंग लावतो. आपण भिंत बांधून मग चुना लावतो तसंच. फायबरची बोट उलटी जन्माला येते. आधी साचा असतो. त्याच्या आतल्या गुळगुळीत पृष्ठभागावर मेण घासतात, म्हणजे बोट नंतर सुटून यावी. मग सगळ्यात पहिला थर जातो तो जेलकोटचा. जेलकोट म्हणजे रंगद्रव्य घातलेलं, दाट केलेलं पॉलिएस्टर रेझिन. त्यात हार्डनर घालून साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा थर देतात. तो धरला, पण वरून अजून चिकट आहे, अशा वेळी त्यावर काचेच्या धाग्यांची मॅट आणि रेझिन, पुन्हा मॅट, पुन्हा रेझिन. सगळं घट्ट झालं की साच्यातून बोट बाहेर काढायची. म्हणजे बाहेरची चकाकी पहिल्या दिवशीच लागलेली असते. बोटीची ती कातडी आहे, अंगावरचा कपडा नव्हे.

आता यातली एक खुबी नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. हे पॉलिएस्टर हवेला उघडं राहिलं तर वरच्या बाजूने नीट सुकत नाही, चिकट राहतं. हवेतला ऑक्सिजन त्या रासायनिक क्रियेच्या आड येतो. साच्यात ही अडचण नसून उलट सोय आहे. साच्याला चिकटलेल्या बाजूला हवा नाही, म्हणून ती कडक आणि आरशासारखी होते. मागची बाजू चिकट राहते, म्हणून पुढचा थर तिला घट्ट धरतो. फार हुशारीची योजना आहे.

पण पन्नास वर्षांनी तोच जेलकोट बाहेरून लावायला जा. आता साचा नाही. चिकट बाजू जगाकडे तोंड करून! म्हणून शेवटच्या हातात थोडं मेण मिसळावं लागतं. ते तरंगून वर येतं आणि हवा अडवतं. मग तो सुकतो खरा, पण पृष्ठभाग येतो संत्र्याच्या सालीसारखा. तो घासायचा. २४० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात, मग ४००, ६००, ८००, १०००, आणि मग पॉलिश. तळहाताएवढ्या ठिगळाला हे ठीक आहे. आख्ख्या बोटीला म्हणजे खांदे निखळतात.

आमच्या बोटीचं गणित मांडून दाखवतो. बोट साडेसहा मीटरच्या आतबाहेर, ‘व्हारियांटा’ जातीची. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात डेलर कंपनीने ती काढली आणि अशा हजारो बनवल्या. मध्यमवर्गीय कुटुंबाला मोटारीमागे ओढून नेता यावी, चार माणसं झोपावीत अशी. श्टाइनहुडर मेअरला हीच बरी, कारण तिथे पाण्याची सरासरी खोली दीड मीटरही नाही आणि हिचा कील वर उचलता येतो. पाण्याच्या वरचा भाग दोन्ही बाजू मिळून धरला तर नऊ चौरस मीटर. अर्धा मिलिमीटर जेलकोट म्हणजे साडेचार लिटर, त्यात घासण्यात जाणारा धरा, पाचच्या पुढे. एवढा जेलकोट फासायचा आणि मग त्यातला बराचसा पुन्हा घासून काढायचा! रंगाचं गणित वेगळं. दोन हात इपॉक्सी प्रायमर, त्यावर तीन हात पॉलियुरेथेन. सगळं सुकल्यावर जाडी एक दशांश मिलिमीटरच्या थोडी वर. वरचा रंग तीन लिटरच्या आत. आणि मुख्य म्हणजे तो स्वतःच पसरून सपाट होतो. एकाने रोलर फिरवायचा, दुसऱ्याने मागोमाग मऊ ब्रशचं टोक हलकेच ओढायचं. घासणं सगळं रंगाच्या आधी, नंतर नाही.

हा रंग कोणता? इथले जुने नाविक त्याला ‘डेडे-लाक’ म्हणतात. डे-डे म्हणजे डेस्मोदूर आणि डेस्मोफेन, बायर कंपनीच्या दोन घटकांची नावं. त्यामागचं रसायन इथलंच आहे. लेव्हरकुसेनला ऑटो बायर या शास्त्रज्ञाने १९३७ साली पॉलियुरेथेनचा शोध लावला. (आडनाव बायर, नोकरी बायरच्या कारखान्यात, पण मालकांशी नातं काही नाही. आपल्याकडेही टाटांच्या कंपनीत दुसरे टाटा सापडायचेच.) दोन डबे, दोन घटक, ठरलेल्या प्रमाणात मिसळले की घड्याळ सुरू. ऊन, पाऊस, बर्फ यांना हा रंग दाद देत नाही आणि चकाकी वर्षानुवर्षं राहते. तेव्हा काका म्हणाले ते रंगाच्या गुणांबद्दल अगदी खरं आहे.

पण आम्हीसुद्धा थेट रंगाकडे गेलो नाही. जुन्या बोटीवर हात फिरवला की खडूसारखी पांढरी भुकटी लागते. ते जेलकोटचं वरचं पापुद्र्याएवढं उन्हाने मेलेलं अंग. ओल्या फडक्याने पुसल्यावर मूळ रंग चमकून उठला, तर समजावं की खाली माल शिल्लक आहे. अशा बोटीला ना रंग लागतो ना जेलकोट. घासण्याची पेस्ट, पॉलिश, मेण आणि दोन शनिवार पुरतात. शनिवारच म्हणतोय, कारण रविवारी सँडरचा आवाज केला तर शेजारी काय करतात ते इथे कुणाला सांगायला नको. आमच्या बोटीला आधीच्या मालकांनी इतक्या वेळा पॉलिश केलं होतं, की कडांवर जेलकोट संपून खालच्या फायबरची काळपट छटा दिसायला लागली होती. संपलेली गोष्ट घासून परत येत नाही. म्हणून रंग.

अजून एक कारण होतं, वापराचं. आमची बोट धक्क्याला चार दोरांनी बांधलेली, मध्ये हवेचे फुगे, आठवड्यातून एकदा बाहेर पडणार, हिवाळ्यात शेतकऱ्याच्या गोठ्यात झाकून ठेवणार. नवीन नवरीसारखं सगळं. अशा बोटीला एक दशांश मिलिमीटरची चकाकी पुरते.

आता कोकणात चला. तिथली छोटी फायबरची होडी काय भोगते? रोज पहाटे वाळूवरून लोटली जाते आणि परत वाळूवर ओढली जाते. जाळ्याचे दोर, शिशाची वजनं, नांगर, सगळं तिच्या काठावरून घासत जातं. शेजारच्या होडीची टक्कर ही तर रोजची विचारपूस. भरीला वादळं. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ किनाऱ्याला समांतर वर सरकलं, आणि दोन्ही वेळा होड्यांचं नुकसान झालं. अशा होडीला केसाच्या जाडीएवढा रंग दिला तर पहिल्या पंधरवड्यात वाळूने तो खरवडून निघेल. पॉलियुरेथेन कडक असतो, पण पातळ तो पातळच. एकदा ओरखडा आरपार गेला की कडेपासून पाणी आत शिरतं आणि पापुद्रा सुटायला लागतो. अर्धा मिलिमीटर जेलकोटवर तोच ओरखडा म्हणजे नुसता ओरखडा. आत अजून तीच वस्तू आहे, त्याच रंगाची.

आणि दुरुस्ती कोण करणार? मला विचाराल तर हाच खरा प्रश्न आहे, रंग की जेलकोट हा नव्हे. कोकणात फायबरचं काम करणारे कारागीर आहेत. रेझिन, हार्डनर, मॅट हे त्यांच्या हातातलं सामान आहे. जेलकोट त्याच कुटुंबातला, पॉलिएस्टरच. नीट घासून साफ केलेल्या पॉलिएस्टरला तो चांगला धरतो. पुढच्या वर्षी पुन्हा टवका उडाला तर तोच कारागीर अर्ध्या दिवसात ठिगळ मारेल. छटा थोडी वेगळी दिसेल, पण सुरमई त्यावरून दर ठरवत नाही. इथून पाठवलेला दोन डब्यांचा रंग संपला, की पुढच्या वेळी तोच रंग, त्याचाच हार्डनर, त्याचंच थिनर त्या बंदरावर आणायचं कुठून? शिवाय हे ज्वलनशील द्रव आहेत, धोकादायक माल म्हणून जातात. त्याच्या वाहतुकीच्या पैशात तिथे किती किलो रेझिन येईल याचा हिशोब ज्याने त्याने करावा. सुट्टीवर जाताना बॅगेतून नेऊ म्हणणाऱ्यांना हात जोडून विनंती, तसं करू नका.

हवामानाचाही मुद्दा आहे. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, म्हणजे कामाला वेळ तेव्हाच. पण हवा कशी? दमट, ओली, ताडपत्रीखालीसुद्धा घाम सुटलेली. पॉलियुरेथेनचा हार्डनर म्हणजे आयसोसायनेट, आणि त्याला पाण्याचं फार वेड. रंगातल्या जोडीदाराला सोडून तो हवेतल्या बाष्पाशीच लग्न लावतो, त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, बारीक फोड येतात, चकाकी मरते. इथेसुद्धा आम्ही मे महिन्यात रंगाचा शेवटचा हात दुपारी दोनच्या आत संपवायचो, संध्याकाळचं दव पडायच्या आत. पॉलिएस्टरलाही ओल चालत नाही, फायबर कोरडंच लागतं. पण त्याला तिथली ऊब मानवते. इथे पंधरा अंशांच्या खाली तो धड सुकतच नाही, तिथे उलट हार्डनर कमी घालून घाई आवरावी लागते. म्हणून आपल्या खर्चाच्या कागदात पत्र्याची एक तात्पुरती शेड आहे आणि जास्तीत जास्त काम मे महिन्यातच उरकायचं असं लिहिलं आहे. ती शेड कुणाला अनावश्यक वाटली होती. मला विचाराल तर त्या यादीतली ती सगळ्यात मोलाची वस्तू आहे.

मजुरीचा आकडा मोठा का, तेही सांगतो. जुन्या होडीवर केसाएवढे तडे दिसतात. काही कोळ्याच्या जाळ्यासारखे एका बिंदूतून फाकलेले. ते दिसले की माणसाला वाटतं, लांबी भरू आणि वरून काहीतरी लावून टाकू. पण तो तडा कातडीचा नसून बहुतेक वेळा हाडाचा असतो. तिथे फायबर वाकतंय, आतून सुटलंय किंवा धक्का बसलाय. त्यावर रंग लावा, जेलकोट लावा, एका मोसमात तडा पुन्हा वर येतो. तिथलं सगळं ग्राइंडरने उतरत्या कडेने घासून काढायचं, नवीन मॅटचे थर द्यायचे, आणि मग जेलकोट. आमच्या क्षेत्रात वरून ‘पॅच’ मारून वेळ निभावता येते, समुद्रावर नाही. सुकाणूजवळचा, इंजिन जिथे टांगतात तो भाग तर आधी बघायचा. वेळ आणि पैसे तिथे जातात, आणि काम झाल्यावर डोळ्यांना त्यातलं काहीच दिसत नाही. फोटो काढून पाठवावा असं ते काम नव्हे. देणगीदारांनी एवढं समजून घ्यावं.

पाण्याखालच्या भागाबद्दल थोडक्यात. सतत पाण्यात राहणाऱ्या बोटीच्या तळाला पॉलियुरेथेन रंग चालत नाही, आणि जेलकोटमधूनही वर्षानुवर्षांत पाणी झिरपून फोड येतात. फोडले तर आंबट वास येतो. तिथे इलाज इपॉक्सीचे जाड थर. पण रोज वाळूवर येऊन सुकणाऱ्या छोट्या होडीला हा आजार सहसा जडत नाही, म्हणून तो खर्च आपण धरलेला नाही. एक पथ्य मात्र कारागिरांच्या कागदावर ठळक लिहिलं आहे. पॉलिएस्टरवर इपॉक्सी चालतं, पण इपॉक्सीवर पॉलिएस्टर जेलकोट नीट धरत नाही. म्हणून ज्या जागी जेलकोट द्यायचा तिथे आधी इपॉक्सीची लांबी भरायची नाही.

कुणी म्हणेल, पण मोठ्या बोटी तर रंगवलेल्याच असतात! बरोबर. आपल्या अभिमानाचं उदाहरण घ्या, ‘म्हादेई’. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात ती बांधली, २००९ मध्ये नौदलात आली. तिच्यातून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, असं करणारे ते पहिले भारतीय. पुढे २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी त्याच बोटीतून कुठेही न थांबता फिरून आले. त्या बोटीच्या आत लाकडाच्या पट्ट्या आहेत आणि त्यावर फायबर. अशी बोट चौकटीवर बाहेरून बांधत जातात, तिला आतून जेलकोट द्यायला साचाच नसतो. मग बाहेरून घासून रंग देणं हीच तिची रीत. गंमत बघा, ‘म्हादेई’चा आराखडा ज्या डच कचेरीचा, व्हान द श्टाट, त्या कचेरीचे संस्थापक आमच्या चिमुकल्या व्हारियांटाचे रचनाकार. एक बोट केप हॉर्नला वळसा घालून आली, दुसरी विल्हेल्मश्टाइन बेटाला घालते.

मास्कच्या नोंदीवर एका काकूंनी खूण केली होती, ‘एवढे महाग?’ म्हणून. काकू, फायबर घासताना काचेची धूळ उडते आणि रेझिनमधून स्टायरिनची वाफ. कोविडच्या वेळचा कापडी मास्क वाफ अडवत नाही, त्याला कोळशाची फिल्टर असलेलाच लागतो. आयसोसायनेटवाल्या रंगाचा धोका तर याहून वेगळा. एकदा दम्याची तक्रार जडली तर थोड्याशा संपर्कानेही उसळते. म्हणून युरोपीय संघात ऑगस्ट २०२३ पासून असा माल व्यवसायासाठी वापरणाऱ्यांना प्रशिक्षण सक्तीचं केलं आहे. आम्ही चौघांनी हौशी असूनही पूर्ण तोंडावरचे मास्क लावले होते. दिसत होतो परग्रहावरच्या भजनी मंडळासारखे. इथे जी काळजी आपण स्वतःसाठी घेतो ती तिथल्या कारागिरासाठी घ्यायची नाही, असा खर्चाचा कागद मी तरी लिहिणार नाही.

आता रंगाचं काय? नारळी पौर्णिमेच्या आधी होडी सजवायची, नाव नव्याने लिहायचं, काठाला निळा-लाल पट्टा ओढायचा, हे त्या लोकांचं ते करतातच. साध्या ऑइलपेंटने. दरवर्षी जातो, दरवर्षी देतात. त्याने होडीचं रक्षण होत नाही, पण ती आपली आहे एवढं लांबून ओळखू येतं. त्यासाठी वरचं मेण घासून काढलं की झालं. एका होडीमागे एक लहान डबा आपण यादीत धरला आहे. ‘रंग’ या नावाखाली जी एवढीशी रक्कम दिसते ती तीच. ती कापू नये अशी माझी कार्यकारिणीला विनंती आहे.

बाहेर दाराजवळच्या टेबलावर दोन तुकडे ठेवले आहेत. एक जेलकोटचा, एक रंगवलेला, दोन्ही आमच्याच जुन्या झाकणातून कापलेले. शेजारी खडबडीत पॉलिश पेपर आहे. दोन्हींवर दहा-दहा वेळा घासून बघा, आणि मग देणगीच्या कागदावर सही करा. काका, पहिला मान तुमचा.